पहिली दोरी

या, अशा जवळ या. त्या खांबाला मात्र टेकू नका, कालच रंग दिलाय. पेटीवाले अजून सूर जुळवतायत, तबल्यावर हातोडी चाललीय, म्हणजे कीर्तन उभं राहायला अवकाश आहे. तेवढ्यात तुम्हाला याच मंडपातली एक गोष्ट सांगते. समोर झेंडूनं मढवलेला पाळणा दिसतोय ना, त्याच्या दोरीची. आमच्या पारनेरीत ती सगळ्यांना ठाऊक आहे, पण जो तो आपली पदरची भर घालून सांगतो. मी इथंही होते आणि नंतर घरीही होते, तेव्हा माझ्याकडून ऐका.

रामनवमी दोन दिवसांवर आली होती. मी स्वयंपाकघरात सुंठवड्याचं खोबरं किसत बसले होते. मागच्या दारानं मंजिरी आत आली आणि पाटावर बसली.

"वहिनी, ज्येष्ठमध आहे का हो?"

पत्र्यावरून खुर्ची ओढावी तसा आवाज. मी किसणी खाली ठेवली.

"अगं, हे काय झालंय?"

"काल रत्नागिरीला जाऊन आले. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठी आल्यात म्हणाले."

"गाठी?"

"तशा साध्याच. ओरडून ओरडून येतात. सहा महिने तोंड बंद ठेवायचं, नंतर बोलायचं ते हळू. नाही ऐकलं तर आवाज जाईल म्हणाले. जाईल म्हणजे जाईलच." हे सगळं तिनं डाळ महागली म्हणून सांगावं तसं सांगितलं आणि ज्येष्ठमधाची काडी दाढेखाली धरली.

ही मंजिरी देवळाच्या गुरवांची मुलगी. माझे सासरे गंगाधरबुवा खांबेटे यांची एकुलती शिष्या. मी सासऱ्यांना मामंजी म्हणायची. रामजन्माच्या कीर्तनाची सेवा या देवळात पिढ्यान् पिढ्या खांबेट्यांची. मामंजींच्या ऐन उमेदीत इथं माईक नव्हता. पण त्यांनी नमनाला तोंड उघडलं की वहाळापलीकडच्या बायका हातातलं धुणं तसंच टाकून देवळाकडं निघायच्या. मला बघायला आले तेव्हा मी मुलाकडं कमी आणि मामंजींच्या हातातल्या चिपळ्यांकडं जास्त बघत होते, असं आमचे हे अजून चारचौघांत सांगतात. खोटं नाही त्यात. कीर्तनाच्या घरात पडायचं म्हणूनच मी हो म्हटलं होतं. आमच्या ह्यांच्या गळ्यात सूर नाही, आमच्या मुलींना आवड नाही. तेव्हा मामंजींनी परकर-पोलक्यातल्या मंजिरीला हाताशी धरलं आणि उभी केली. मामंजींचं वय झाल्यापासून जन्माचं कीर्तन तीच करायची, पण त्यांच्या नावानं. सेवा अजून तिची झाली नव्हती.

"मग सांग की त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू? बुवा, तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून मी ओरडते, असं सांगू?" ती हसली, पण त्या हसण्याला आवाज नव्हता. "मला अक्षर न् अक्षर बोलायला ज्यांनी शिकवलं, त्यांना? आणि वहिनी, तुम्हीही सांगायचं नाही. त्यांना वाटेल, आपल्यामुळं झालं. ते अन्न सोडतील."

तेवढ्यात ओटीवरून हाक आली. "इंदू, कोण आलंय गो?"

"मंजिरी आलीय," मी ओरडले.

"कोण?"

"मंजिरी!"

"मग ती अशी चोरासारखी का आलीय? पाठव इकडं."

मामंजी झोपाळ्यावर बसले होते. अंगात बंडी, मांडीवर पेपर. कानामागं बसणारं यंत्र आम्ही दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरातून आणलं होतं, ते घरात घालायचे. घरात समोरासमोर बोललं तर त्यांना बरंच कळायचं. पण देवळात ते यंत्र म्हणजे छळ. तिथं दगडी भिंती, पंखे, पोरांची रडारड, आणि माईकवाल्या इक्बालभाईच्या कर्ण्यांतून येणारा घुमारा. मामंजी म्हणायचे, "पितळेची भांडी फडताळातून एकदम कोसळावीत तसं होतं." म्हणून देवळात जाताना ते यंत्र काढून डबीत ठेवायचे आणि पुढच्या सतरंजीवर बसून मान डोलवायचे. कीर्तन तोंडपाठ होतं ना. मंजिरीच्या हातवाऱ्यांवरून कुठवर आलंय ते त्यांना कळायचं, आणि डोलवायच्या जागी ते बरोबर डोलवायचे.

"नमन म्हण," त्यांनी मंजिरीला सांगितलं.

ती ओटीच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिली. पाठ ताठ करून तिनं पूर्ण गळ्यानं नमन म्हटलं. शेजारचं कुत्रं उठून बसलं. मानेवरच्या शिरा मला दारातून दिसत होत्या.

मामंजींनी कानाला हात लावून ऐकलं. मग मान हलवली. "शब्द गिळतेस. कित्येक वर्षं सांगतोय. मागच्या ओळीत बसलेली म्हातारी पायपीट करून येते, ती काय तुझे हातवारे बघायला? मागच्या ओळीपर्यंत पोचलं नाही ते कीर्तन नव्हे. ते आपलं आपल्याशी बोलणं."

"हो बुवा."

"परवा जन्म झाला की मी पंच म्हणून आबाला माझा निर्णय सांगणार आहे. सेवा तुझ्याकडं द्यायची, की बाहेरचे कोणी बुवा आणायचे. शिष्या म्हणून माझी माया आहे, पण रामापुढं मायेचं काय काम? पोचलं तर तुझी. नाही तर नाही."

मंजिरीनं वाकून नमस्कार केला आणि गेली. जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणाल, इंदूवहिनी, तुम्ही गप्प कशा बसलात? गप्प नव्हते. शब्द दिला होता म्हणून बोलले नाही इतकंच. पण माझ्या मनात दुसरंच काही घोळत होतं. महिन्याभरापूर्वी कोल्हापूरच्या त्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की मामंजींच्या यंत्रात एक बटण आहे. देवळाच्या मंडपाभोवती जमिनीलगत तारेचा एक वेढा फिरवायचा, माईकचा आवाज एका मशीनमधून त्या तारेत सोडायचा. बटण दाबलं की वेढ्याच्या आत बसलेल्या माणसाच्या कानात फक्त माईकवरचा आवाज उतरतो. पंखा नाही, घंटा नाही, रडारड नाही. "परदेशात चर्चमध्ये असतं, नाटकगृहात असतं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मग राममंदिरात का नको?

मशीन त्यांनीच ओळखीनं मिळवून दिलं. राहिले देवळाचे पंच आबा सामंत. आबांना मी गाठलं तेव्हा ते मांडवाचे बांबू मोजत होते.

"देवळाला तार?" ते म्हणाले. "का गो, गुरं शिरतात आत?"

"बहिऱ्यांसाठी आहे, आबा."

"बुवा बहिरे आहेत असं तू त्यांच्या तोंडावर म्हणणार?"

"मी कुठं म्हणतेय? देवळात येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी म्हणा. तुमचेही कान काही आता कोवळे राहिले नाहीत."

आबा खो खो हसले आणि हो म्हणाले.

नवमीच्या आदल्या दिवशी दुपारी इक्बालभाईनं तार घातली. देवळाचे कर्णे त्याचे, तेव्हा हेही त्याच्याच गळ्यात. मंडपाच्या चारी कडांनी तार फिरवली, कापडी पट्टीनं जागोजाग चिकटवली आणि दोन्ही टोकं पाळण्यामागं ठेवलेल्या मशीनला जोडली. मामंजींना मी म्हटलं, चला, एकदा बघून घेऊ.

"परीक्षा मी दिल्या नाहीत, घेतल्यात," ते म्हणाले. पण यंत्र मात्र मुकाट्यानं काढून माझ्या हातावर ठेवलं.

ते मीच कानाला लावलं आणि सतरंजीवर जाऊन बसले. इक्बालभाई पार दीपमाळेपाशी उभा राहून माईकवर पुटपुटला, "वहिनी, यंदा सुंठवडा जरा जास्त द्या, गेल्या साली मुठीतच संपला." आणि काय सांगू, माझ्या अंगावर काटा आला. कानाला तोंड लावून बोलावं तसं ऐकू आलं. मी तिथूनच मान हलवून त्याला 'देते' म्हटलं.

घरी येऊन मामंजींना सांगितलं. त्यांनी यंत्र बोटांनी चाचपून बघितलं. मग म्हणाले, "पागोट्याखाली दिसणार नाही ना ते?"

"अजिबात नाही."

"नवविधा भक्तीत श्रवण पहिलं. पहिलीच पायरी माझ्या पायाखालून गेली, इंदू. लोकांनी ते बघायला नको."

"कोणी बघणार नाही, मामंजी. कीर्तन सुरू झालं की कानामागचं बटण एकदा दाबा, बास."

नवमीला सकाळीच मंडप गच्च भरला. मामंजी पुढच्या सतरंजीवर. पांढरं धोतर, उपरणं, डोक्यावर पागोटं, आणि पागोट्याखाली यंत्र. मी बायकांच्या बाजूला, त्यांचा चेहरा दिसेल अशी बसले. पाळणा यंदा नेहमीपेक्षा भरगच्च सजला होता. आबांच्या मालणवहिनी पहाटेपासून त्याच कामाला लागल्या होत्या. लाकडी चौकटीला झेंडूच्या माळांचे जाडजूड थर, आत नवी कुंची घातलेला नारळ. तोच आमचा बाळराम. पाळण्याच्या दोरीचाही इथं रिवाज आहे. जन्म झाला की पहिली दोरी खांबेट्यांच्या वडीलधाऱ्यानं ओढायची, मग सवाष्णींनी रांगेनं.

मंजिरी उभी राहिली. अबोली रंगाचं नऊवारी, गळ्यात हार, पदराला छोटा माईक. पेटीवर तिचा भाऊ विलास. तिनं नमन सुरू केलं, आणि मी बघितलं, मामंजींनी पागोटं सावरल्यासारखं करून बटण दाबलं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. काहीच होईना.

त्यांनी बटण पुन्हा दाबलं. पुन्हा. मग हात खाली आला आणि मांडीवर पडून राहिला. कपाळावर आठी चढली. मी घाईघाईनं जमिनीकडं बघितलं, तर भिंतीच्या कडेला तार नव्हती. पट्टीचे तुकडे तेवढे चिकटलेले. मी उठणारच होते. पण कीर्तन उभं असताना कीर्तनकार आणि देव यांच्यामधून कोणी जात नाही, आणि इक्बालभाई त्या बाजूला होता. मी हातानं खुणा केल्या, त्याला वाटलं सुंठवड्याचं विचारतेय. त्यानं हसून मान डोलवली.

पूर्वरंग झाला. मध्यंतरात हार-बुक्का झाला, पण मामंजींपाशी आबा आणि पंचमंडळी बसलेली. त्यांच्यासमोर कानाचं कसं काढायचं? आणि तेवढ्या वेळात तार तरी कुठं शोधायची? मामंजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. एखादा गाडी चुकलेला माणूस फलाटाकडं बघतो ना, तसं. बटण दाबलं की यंत्राला फक्त तारेतलंच कळतं, म्हणून एरवीचा घुमाराही बंद झाला होता. ते अगदी शांततेत बसले होते. आणि रिवाज म्हणून मान डोलवत होते.

उत्तररंगाला मंजिरीनं कौसल्येचं आख्यान घेतलं. मूल होत नाही म्हणून कौसल्या कोणाला बोलून दाखवत नाही, आल्यागेल्याशी हसून बोलते, आणि एकटी असली की रिकामा पाळणा पुसून ठेवते. काय सुरेख मांडलं होतं तिनं. पण सगळं ओरडून. जिथं कौसल्या मनाशी बोलते तिथंही ओरडून. मागं दोघी बायका कुजबुजल्या, "विषय गोड आहे गो, पण भांडल्यासारखं का सांगते ही?" आणि मंजिरीचं लक्ष सारखं मामंजींकडं. ते कपाळाला आठी घालून बसलेले बघून तिनं पट्टी आणखी चढवली. दोनदा आवाज फाटला. विलासनं पेटीवरून तिच्याकडं बघितलं, तिनं डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. आबांनी मंजिरीकडं बोट करून मामंजींना खुणेनं विचारलं. मामंजींनी मान आडवी हलवली. झालं, मी मनात म्हटलं. गेली सेवा. आणि आवाजही गेला.

बरोबर माध्यान्ही जन्म झाला. मंजिरीनं दोन्ही हात वर केले. गुलाल उधळला, फुलं उडाली, घंटा, शंख, नगारा, बाहेर फटाक्यांची माळ. सियावर रामचंद्र की जय. शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळू नये असा कल्लोळ. त्या वेळी इक्बालभाई कर्णे बंद करतो, नाही तर ते शीळ घालतात. सगळे उभे. आबांनी मामंजींना हाताला धरून पाळण्यापाशी नेलं. मामंजी वाकले आणि दोरी हातात घेतली.

आणि तसेच राहिले.

पाळण्यावर वाकलेले, दोरी हातात, डोळे मिटलेले. एक हेलकावा देऊन बाजूला व्हायचं असतं. ते हलेनात. मग पाळणा हलू लागला, पण अगदी हळू. नगाऱ्याच्या ठेक्याशी त्याचा काही संबंध नव्हता. दुसऱ्याच कुठल्या तालावर हलवत होते ते.

मालणवहिनी माझ्या कानात ओरडल्या, "इंदू, बुवांना दोरी सोडायला सांग. बायका खोळंबल्यात."

मी पुढं जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. "मामंजी, सोडा दोरी."

त्यांनी डोळे न उघडता मोकळा हात वर केला. थांब.

"चक्कर येतेय का त्यांना?" आबांनी विचारलं.

"वय झालं हो," मागून कोणी म्हणालं. "विसरले असतील."

मी त्यांच्या अगदी जवळ होते म्हणून मला दिसलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि नाकाच्या शेंड्यावरून त्या कुंचीवर पडत होतं. ओठ हलत होते. ते पाळणा म्हणत होते, कोणाच्या तरी मागोमाग. मी वळून मंजिरीकडं बघितलं. ती विलासच्या बाजूला तोंड करून उभी होती. तिचेही ओठ हलत होते, पण त्या कल्लोळात ऐकू कोणाला येणार? तिच्या मानेवरच्या शिरा मात्र दिसत नव्हत्या. खांदे उतरलेले होते. एखादं तान्हं मांडीवर घेतलेल्या बाईसारखी ती आपल्याशीच काही म्हणत होती.

हळूहळू नगारा थांबला, घंटा थांबल्या. इक्बालभाईनं कर्णे चालू केले. मंजिरीनं दचकून पुन्हा श्वास भरला, छाती ताठ केली, लोकांसाठी पाळणा म्हणायला तोंड उघडलं. पहिला शब्द कर्ण्यातून फाटून आला.

"मंजिरी," मामंजी म्हणाले.

मंडप चिडीचूप झाला. कीर्तनात मध्येच बोलायची रीत नाही आणि मामंजींनी ती जन्मात मोडली नव्हती. दोरी हातातच होती.

"हळू म्हण, बाळ," ते म्हणाले. "पोचतंय."

ती बघतच राहिली.

"मघाशी म्हणत होतीस तसंच म्हण. पट्टी खालचीच राहू दे. विलास, खाली घे रे."

मंजिरीचा चेहरा पांढरा झाला. विलासचा हात भात्यावरून सुटला. मग त्यानं सूर खाली घेतला, आणि ती गायली. हळू. पहिल्या ओळीला आवाज कापला, दुसरीला जाग्यावर आला. आम्ही इतकी वर्षं तिला ऐकत होतो आणि तो आवाज आमच्यापैकी कोणी ऐकला नव्हता. मागच्या कोणी तरी उठून पंखे बंद केले. आमच्या गावातली पोरं कीर्तनात गप्प बसतात यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण बसली. मामंजी पाळणा हलवत होते, आणि बायकांपैकी कोणी दोरी मागितली नाही.

कीर्तन संपल्यावर मंजिरी नमस्काराला वाकली. मामंजींनी कानामागचं बटण परत दाबलं, तिच्या कपाळाला बुक्का लावला आणि आबांना हाक मारली.

"आबा, सेवा हिच्याकडं."

"पण मघाशी तर तुम्ही मान..."

"मघाशी मी बाहेर होतो. आता लिहून घ्या. आणि सहा महिने ही तोंडातून शब्द काढणार नाही. श्रावणातली कीर्तनं मी करीन. बसून करीन, पडून करीन, तुम्हाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. ही शेजारी बसून झांज वाजवेल."

"बुवा, सहा महिने कशाला?" आबांना काही उमगेना.

"तिला विचारू नका, ती बोलणार नाही," मामंजी म्हणाले. "आजपासूनच."

मंजिरीनं पदर तोंडाला लावला. मग माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच फितूर झाले. मी दोन्ही कानांना हात लावले. शपथेवर सांगते, मी नव्हते.

कोण होतं ते इक्बालभाईला सापडलं. तो मशीन आवरायला गेला तर दोन्ही टोकं जोडलेली आणि तार गायब. मागोवा घेत त्यानं पाळण्याचे झेंडू बाजूला केले. सगळीच्या सगळी तार चौकटीला वेढे देऊन गुंडाळलेली, वर फुलांचे थर.

"अय्या," मालणवहिनी म्हणाल्या, "ती दिव्यांच्या माळेची उरलेली नव्हे? मंडप धुताना पायात येत होती. म्हटलं टाकायची कशाला, पाळण्याला गुंडाळली. माळा छान बसल्या त्याच्यावर."

"वहिनी," इक्बालभाई कपाळाला हात लावून म्हणाला, "अख्खा मंडप तुम्ही पाळण्यात घातलात की."

संध्याकाळी मामंजी झोपाळ्यावर बसले होते. पागोटं काढलेलं, यंत्र कानावरच. मी चहा ठेवला. ते आपण होऊन बोलू लागले.

"काही येत नव्हतं, इंदू. अगदी विहिरीत बसल्यासारखं. मी ठरवून टाकलं होतं. आबाला नाही सांगितलंही. मग पाळण्यावर, त्या तारेच्या वेढ्यात वाकलो, आणि ती माझ्या कानात बोलली."

"काय बोलली?"

"माझ्याशी नाही. विलासशी. कर्णे बंद, पण पदराचा माईक चालूच. नगारा चाललेला, तिला वाटलं कोणाला ऐकू जातंय? म्हणाली, दादा, खाली घे, घशात रक्ताची चव येतेय. सहा महिने गप्प बस म्हणालेत ते आता बसावंच लागेल. पण बुवांना कळू देऊ नकोस, त्यांना वाटेल त्यांचंच चुकलं." त्यांनी चहाचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "आणि मग ती रामाला पाळणा म्हणायला लागली. एकटीच. कोणाला ऐकवायचं नव्हतं तिला. कसं म्हणते गो ती. माझ्या मनात यायचं, असं म्हणणारं कोणी मिळालं पाहिजे. ती तशीच म्हणत होती, आणि मी तिला ओरडायला लावत होतो."

मी पेला त्यांच्याकडं सरकवला.

"मागची ओळ, मागची ओळ," ते म्हणाले. "मागच्या ओळीतल्या म्हातारीला सगळं ऐकू येत होतं, इंदू. पुढच्या सतरंजीवर बसून मागच्या ओळीत मी एकटाच होतो."

मग त्यांनी चहा प्यायला. म्हणाले, साखर कमी आहे.

त्या श्रावणात मामंजींनी कीर्तनं केली. खुर्चीवर बसून, माईक लावून, हळू. मंजिरी शेजारी झांजेवर, तोंडाला कुलूप. पुढच्या नवमीला ती उभी राहिली तेव्हा पहिल्यांदा सतरंजीकडं बघून तिनं विचारलं, "बुवा, पोचतंय?" मामंजींनी पागोटंच काढून बाजूला ठेवलं, यंत्र सगळ्यांना दिसेल असं, आणि हात वर केला. आता मामंजी नाहीत. तार लाद्यांखाली पक्की गाडलीय. दारात कानाचं चित्र काढलेली पाटी आहे ना, ती त्यासाठीच. आजूबाजूच्या गावांतून यंत्रवाले येतात, आणि आता आमचे आबाही त्यांच्यातलेच. आणि मंजिरी अजून सुरुवातीला तेच विचारते. बघाच तुम्ही.

चला, तबला लागला. ती बघा, आलीच ती चिपळ्या घेऊन. आता मी गप्प बसते. तुम्ही एवढं करा. माध्यान्ही जन्म होईल, घंटा-नगारे सुरू होतील, आणि रांगेत तुमच्याही हाती दोरी येईल. तेव्हा आमच्या मामंजींची आठवण काढा, आणि पाळणा हळू हलवा.